मोहाच्या फुलांचा चुकलेला आलेख

प्रिस्किला गावीत आमच्या कॉलेजात आली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि गेली तेव्हा चौतिशीची. आधी विद्यार्थिनी, मग संशोधक, मग तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. या सगळ्या काळात मी तिथे ग्रंथपाल होतो. ती मला आप्पा म्हणायची. नंदुरबारकडे वयानं मोठ्या माणसाला तसंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण तिच्या तोंडी ते मला बरं वाटायचं.

तिचं गाव सागपाडा, खांडबाऱ्याहून डोंगराकडे नऊ-दहा किलोमीटर. घरात मावची बोलायचे, शाळेत मराठी, आणि फिजिक्स इंग्रजीत. वडील ती लहान असताना गेले. आई हिरीबाई दीड एकरात भात आणि तूर करायची, उरलेले दिवस गुजरातेत ऊसतोडीला किंवा इथेच मजुरीला जायची. मार्च-एप्रिलमध्ये मात्र ती कुठे जात नसे. ते दिवस मोहाचे. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, अंगणात पसरायची, पाच-सहा दिवस उन्हात वाळवायची आणि खांडबाऱ्याच्या बाजारात चुनीलाल शेठला विकायची. प्रिस्किलाच्या वह्या-पुस्तकांचा आणि एस. टी.च्या पासचा खर्च या फुलांतून निघाला असं हिरीबाई सांगायची.

एम. एस्सी. झाल्यावर प्रिस्किलानं पीएच. डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मार्गदर्शक होते गिरधर चौधरी सर. आमच्या फिजिक्स विभागात मायक्रोवेव्हचं एक जुनं टेबल होतं. त्यावर क्लायस्ट्रॉन नावाची नळी, तिच्यातून निघणाऱ्या लहरी वाहून नेणारी चौकोनी पितळी नळी, आणि टोकाला नमुना ठेवायची कुपी. कुठला पदार्थ मायक्रोवेव्ह किती अडवतो, किती शोषून घेतो आणि त्यातून किती तापतो, हे त्या टेबलावर मोजता यायचं. पदार्थाच्या या स्वभावाला डायइलेक्ट्रिक गुणधर्म म्हणतात. शोषून घेण्याचा जो आकडा असतो त्याला ते लोक लॉस म्हणतात. लॉस जितका मोठा, तितका पदार्थ लवकर तापतो. हे मला तिनंच लायब्ररीच्या टेबलावर चहाचा कप पुढे ठेवून समजावलं होतं.

सरांचे आधीचे विद्यार्थी माती मोजायचे. शहाद्याची काळी माती, तळोद्याची माती, अक्कलकुव्याची माती. प्रिस्किला म्हणाली, "सर, मी मोह मोजते."

सर हसले. "मोह? दारूची फुलं?"

"दारूची नाहीत सर. आमच्या पोटाची आहेत."

सरांनी परवानगी दिली. माणूस चांगला होता. विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावणारा, आणि कुणाच्या कागदावर सही अडवून न ठेवणारा.

तिच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. एप्रिलमध्ये आभाळ आलं की सागपाड्यातल्या बायका अंगणाकडे धावतात. अर्धवट वाळलेल्या फुलांवर एक सर जरी पडली तरी ती आंबतात, काळी पडतात, बुरशी धरतात. मग चुनीलाल शेठ गोणीत हात घालून वास घेतो आणि मान हलवतो. प्रिस्किलानं लहानपणी आईला अंगणात भिजलेली फुलं ओंजळीनं उकिरड्यावर टाकताना पाहिलं होतं. तिला ऊन नको होतं. तिला असं यंत्र हवं होतं, ज्यात बाहेर पाऊस असला तरी फूल वाळेल.

पाच वर्षं तिनं मोजलं. ताजी फुलं, अर्धी वाळलेली, पूर्ण वाळलेली. तीस अंश, चाळीस, पन्नास, साठ. गरम पाणी नमुन्याच्या कुपीभोवती फिरवायला तिनं सलाईनच्या नळ्या वापरल्या होत्या. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिच्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात एक आलेख आहे: तापमान वाढतं तसा मोहाचा लॉस खाली येतो. रेघ सरळ, सुंदर, खाली उतरणारी. याचा अर्थ असा की फूल तापायला लागलं की ते मायक्रोवेव्ह कमी खातं, आपोआप आवरतं. म्हणजे जळण्याची भीती नाही. शेवटच्या प्रकरणात तिनं तेच लिहिलं. घरगुती ओव्हनच्या लहरींवरही हाच कल अपेक्षित असल्यानं मोह वाळवण्यासाठी मायक्रोवेव्ह सुरक्षित आहे.

तिचं टेबल दहा गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींवर चालायचं. ओव्हन चालतो जवळपास अडीचवर. ओव्हनचं ते वाक्य लिहिण्याआधी तिनं सरांना विचारलं होतं, "सर, तिथेही असंच होईल का?"

"पाण्याचं वागणं तेच," सर म्हणाले. "कल तोच राहील. लिही."

तिनं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याच वाक्याचं कौतुक केलं. हे संशोधन प्रयोगशाळेतून थेट गावात जाईल, असं ते म्हणाले. मागच्या बाकावर हिरीबाई नवं पातळ नेसून बसली होती. तिला त्यातलं अक्षर समजलं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. प्रबंधाची प्रत मी स्वतः नोंदवून कपाटात ठेवली आणि त्याची फाइल देशभरातले प्रबंध जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर चढवायची व्यवस्था केली. मला अभिमान वाटला होता. आमच्या कॉलेजातून चढलेला तो अकरावा प्रबंध, आणि सागपाड्याच्या कुणाचाही पहिला.

नोकरी काही लागली नाही. भरती बंद होती, ती आजही जवळपास बंदच आहे. ती तासिकेवर शिकवत राहिली. पण यंत्र मात्र झालं. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या एका योजनेत तिनं बायकांच्या बचत गटाच्या नावानं अर्ज केला होता, तो मंजूर झाला. यंत्र बनवलं नंदुरबारच्या भावेशनं. स्टेशन रोडला त्याचं मिक्सर-ओव्हन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं स्टीलची पेटी वाकवली, चार ओव्हनचे मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी सोडणारे भाग, तिला बसवले, आत फिरणारी थाळी, वर वाफ बाहेर काढणारा पंखा. दाराच्या फटीतून लहरी बाहेर येतात का, ते प्रिस्किलानं मीटर घेऊन वीस वेळा तपासलं.

पेटी सागपाड्यातल्या जुन्या अंगणवाडीच्या खोलीत ठेवली. पहिल्या दिवशी बायका दाराबाहेरच उभ्या राहिल्या. हिरीबाईच्या शेजारची धनुबाई म्हणाली, "आत जाळ कुठंय? जाळ दिसत नाही तर वाळणार कसं?"

"जाळ नाही मावशी. फुलातलं पाणीच तापतं."

"पाणी आपोआप तापतं?"

"आपोआप नाही. आतून तापतं."

दोन किलो फुलं ठेवली. दीड तासानं काढली तेव्हा ती सोनेरी होती. उन्हात वाळलेली फुलं तांबूस-तपकिरी होतात, त्यांना माती लागते, कुत्री-कोंबड्या फिरतात त्यांच्यावरून. ही काचेच्या बरणीत ठेवावीत अशी होती. धनुबाईनं एक फूल तोंडात टाकलं आणि लगेच दुसरं टाकलं. त्या पहिल्या हंगामात ऊनही चांगलं होतं. यंत्राला हौसेपुरतीच फुलं दिली, दोन-दोन, तीन-तीन किलो. चुनीलाल शेठनं ती पाहिली आणि कुठे वाळवली म्हणून अहिराणीत विचारलं, "हाई कोठे वायाडं ताई? असा माल तं मी आजलोंग दखा नही." हिरीबाई ते वाक्य वर्षभर सांगत होती.

दुसऱ्या वर्षी मात्र आभाळ आलं. मोह ऐन पडत होता आणि आठ दिवस सूर्य धड दिसला नाही. अंगणातली फुलं चिकट व्हायला लागली. सगळ्या पाड्याच्या बायका टोपल्या घेऊन अंगणवाडीच्या खोलीकडे आल्या. प्रिस्किला कॉलेजातून रजा घेऊन गावी गेली. वीज दिवसा आठ तास होती. त्या आठ तासांत पेटी रिकामी राहिली नाही. दोन किलोच्या जागी आठ किलो, मग दहा. थाळीत पातळ थर असायचा तो वीतभर उंच झाला. तिला ते खटकलं होतं. पण बाहेर टोपल्यांची रांग होती आणि प्रत्येक टोपलीमागे तिच्या ओळखीचा चेहरा होता. आणि तिच्या डोक्यात तो आलेख होता. तापलं की आवरतं. जास्त घातलं तर वेळ जास्त लागेल, एवढंच.

दमट हवेत वाफ नीट बाहेर जात नव्हती. ती वरच्या फुलांवर परत बसायची. हात लावला की फुलं ओलसर लागायची, मग आणखी वीस मिनिटं. पुन्हा ओलसर, पुन्हा वीस मिनिटं. खोलीत गूळ शिजल्यासारखा गोड वास भरला होता. पोरं दारात येऊन तो वास घेत उभी राहायची.

"तो वास मला आवडला होता, आप्पा," ती मला नंतर म्हणाली. "मला वाटलं, मोहाचाच आहे. साखर जळायला लागते तेव्हा आधी असाच वास येतो. हे मी बारावीला शिकवते."

शनिवारपर्यंत बावीस गोण्या भरल्या. हवा ओली म्हणून फुलं गरम असतानाच तोंडं बांधली, नाहीतर ती पुन्हा पाणी ओढतात. गोण्या त्याच खोलीत, एकावर एक रचल्या.

रविवारी सकाळी सगळा पाडा चर्चमध्ये होता. उपदेश चालू असताना मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याला धूर दिसला. लोक धावले तेव्हा खोलीच्या कौलांतून पिवळसर धूर निघत होता, आणि तोच गोड वास, पण आता घसा आवळणारा. गोण्यांच्या गाभ्यात फुलं रात्रभर धुमसत होती. बाहेर काही कळत नव्हतं. हवा लागली तिथे पेट घेतला.

हिरीबाई सगळ्यांच्या पुढे होती. दाराची किल्ली तिच्याकडे असायची. ती आत शिरली आणि तिनं वरची गोणी ओढली. तिला कुणी थांबवायच्या आत दुसरी, मग तिसरी. तिसरी गोणी तळातून फाटली आणि आतला माल तिच्या दोन्ही हातांवर पडला. ती फुलं राहिली नव्हती. वितळून काळी चिक्की झाली होती, धगधगती. डांबर चिकटावं तशी ती चिकटली. हात झटकून निघेना, पाणी ओतलं तर आत तशीच तापत राहिली. प्रिस्किला तिच्या मागेच होती. आईचे हात तिनं स्वतःच्या ओढणीत धरले आणि ओढणी कातडीसकट निघाली.

मी नंदुरबारच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा हिरीबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. प्रिस्किला खाटेखाली जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर वर्तमानपत्रावर मूठभर फुलं होती. जळालेल्यातली नव्हेत, आग पोचायच्या आधी बाहेर ओढलेल्या गोणीतली. वरून सुरेख सोनेरी. ती एकेक फूल ब्लेडनं उभं कापत होती. आत काळं होतं. दुसरं कापलं, आत काळं.

"वरून गार राहतं, आप्पा. वाफ निघते ना. हात वरूनच लावतो आपण."

ती गोणी नंतर धनुबाईचा मुलगा चुनीलाल शेठकडे घेऊन गेला, काही पैसे झाले तर झाले म्हणून. शेठनं एक फूल बोटांत धरून फोडलं. "वरथीन सोनं दखास, भाऊ, आतमा कोयसा शे," तो म्हणाला आणि गोणी परत दिली. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यालाही वाईट वाटलं असावं.

हिरीबाई सव्वा महिन्यानं घरी आली. जखमा भरल्या, पण भरताना बोटं एकमेकांना धरून बसली. उजव्या हाताची तीन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. डावा अंगठा उरला, त्यानं ती पदर सरकवते. घास उचलता येत नाही, वेणी घालता येत नाही. पुढे सुरतेला शस्त्रक्रिया होऊ शकते असं कुणी सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता उशीर झालाय, फार फरक पडणार नाही.

प्रिस्किलानं त्यानंतर जे केलं ते मला तिच्या पाच वर्षांच्या कामापेक्षा मोठं वाटतं. तिनं चूक शोधली. कुणी सांगितलं नव्हतं. चौकशी करायला कुणी आलं नव्हतं. गावाच्या नोंदीत तो अपघात म्हणून लिहिला गेला. आमच्या कॉलेजात अडीच गिगाहर्ट्झवर मोजायची सोय नव्हती. गुजरातेतल्या एका संस्थेत ते यंत्र होतं. तिनं चार महिने पत्रं लिहिली, तेव्हा त्यांनी एक दिवस दिला. ती डब्यात मोहाची फुलं घेऊन पहाटेच्या गाडीनं गेली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी दारात उभी होती.

तिनं माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक तिच्या प्रबंधातला आलेख, रेघ खाली जाणारी. दुसरा नवा. त्यात रेघ आधी थोडी सपाट, मग वर, मग एकदम कड्यासारखी वर.

"हे तेच फूल आहे?" मी विचारलं.

"तेच. एकाच झाडाचं."

मग तिनं सांगितलं. फुलात पाणी असतं आणि क्षारही असतात. पाणी तापलं की मायक्रोवेव्ह कमी खातं. क्षार तापले की जास्त खातात. दहा गिगाहर्ट्झवर क्षारांचा वाटा इतका लहान की पाण्यापुढे दिसत नाही. अडीचवर तोच वाटा चौपट होतो आणि पाण्याला मागे टाकतो. म्हणून तिथे फूल जितकं तापेल तितकं आणखी खातं. आणि साठ अंशांच्या पुढे तिनं मोजलंच नव्हतं. त्याच्यापुढे साखर मऊ होते, वितळते, आणि वितळलेली साखर तर लहरींवर तुटून पडते. मग आत रसायनच बदलतं. साखर तुटते, काळी होते, स्वतःची उष्णता सोडते. पेटी बंद केली तरी ते थांबत नाही.

"दोन किलोच्या पातळ थरात उष्णता निघून जायची, म्हणून पहिल्या वर्षी कळलं नाही," ती म्हणाली. "माझं मोजमाप चुकलं नव्हतं, आप्पा. एकही आकडा चुकला नव्हता. फक्त ते वाक्य चुकलं."

सर तोवर निवृत्त होऊन पुरुषोत्तमनगरला मुलाकडे राहायला गेले होते. तिच्यासोबत मी गेलो. साखर कारखान्याच्या वसाहतीतलं घर, सर ओसरीवर खुर्चीत. त्यांना कंपवाताचा त्रास सुरू झाला होता. तिनं दोन्ही कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. सरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. हात थरथरत असल्यानं कागदाचा आवाज होत होता.

"हं," ते म्हणाले. "आयनिक कंडक्शन, क्षारांचं. हे मला कळायला पाहिजे होतं. मी एम. फिल.ला हेच शिकवायचो."

"सर, प्रबंधात दुरुस्ती करायची आहे. तुम्ही पत्र द्याल?"

"कशाला, बेटा? पदवी दिलेली आहे. आता ते वाचतं कोण?"

"कुणी वाचलं तर?"

सरांनी तिनं लिहून आणलेलं पत्र वाचलं. मग त्यांनी पेन मागितला आणि पत्राखाली सही केली. सही ओळखू येत नव्हती. निघताना ते तिला म्हणाले, "लिही असं मीच म्हटलं होतं ना?" ती म्हणाली, "लिहिलं मी होतं, सर."

विद्यापीठाचं उत्तर पाच महिन्यांनी आलं. पदवी प्रदान झाल्यानंतर प्रबंधात बदल करण्याची तरतूद नाही. ज्या नियतकालिकात तिचा लेख आला होता ते बंद पडलं होतं. पण लेख संकेतस्थळावर तसाच होता आणि कुठल्याही पत्त्यावरून उत्तर येत नव्हतं. नवा लेख लिहून तिनं दोन ठिकाणी पाठवला. एकानं कळवलं, एका दिवसाच्या एका नमुन्यावर निष्कर्ष काढता येत नाही. ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवसासाठी तिनं गुजरातच्या संस्थेला पुन्हा लिहिलं, तर तिथले ओळखीचे गृहस्थ बदलून गेले होते.

मला जे करता आलं ते मी केलं. आमच्या छापील प्रतीत, त्या आलेखाच्या पानावर तिनं लिहून दिलेली चिठ्ठी मी डिंकानं चिकटवली: हा कल अडीच गिगाहर्ट्झला लागू नाही, वाळवणयंत्रासाठी वापरू नये. खाली तिची सही आणि तारीख. ती प्रत उघडून पाहणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. जी फाइल सगळीकडे जाते ती माझ्या हातात नव्हती.

गावात तिला वाटलं होतं लोक बोलतील. कुणी बोललं नाही. हिरीबाई घरी आली त्या दिवसापासून धनुबाई रोज दोघींचं जेवण आणून देत होती. ही शांतता तिला सोसवेना. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर तिनं बायकांना थांबवलं आणि फळ्यावर दोन्ही रेघा काढून सगळं सांगितलं, मावचीत. वीज, पाणी, क्षार, साखर. माझ्या एका वाक्यामुळे झालं, असं शेवटी म्हणाली. बायकांनी नीट ऐकून घेतलं. कुणाच्या मांडीवरचं पोर रडत होतं, ते कुणीतरी बाहेर नेलं.

मग धनुबाईनं विचारलं, "म्हणजे आता बरोबर आकडा सापडला?"

"सापडला."

"मग यंत्र पुन्हा कधी लावायचं?"

प्रिस्किला मला म्हणाली, त्या क्षणी तिला पळून जावंसं वाटलं. कारण त्या प्रश्नात टोमणा नव्हता. धनुबाईला खरंच तारीख हवी होती. सुरक्षित यंत्र बनवता येतं: थर पातळ ठेवायचा, लहरी थांबून थांबून सोडायच्या, फुलाच्या आतलं तापमान सतत मोजायचं. पण ते भावेशच्या दुकानात बनत नाही, आणि योजना एकदाच मिळते. तिनं तसं सांगितलं. धनुबाई "बरं" म्हणाली आणि पदर सावरून उठली. पुढच्या एप्रिलला पुन्हा अवकाळी पाऊस झाला. अंगणातली फुलं आंबली. बायकांनी ती उकिरड्यावर टाकली. हिरीबाई ओट्यावर बसून पाहत होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात प्रिस्किलाला एक फोन आला. दुसऱ्या राज्यातला मुलगा, इंजिनिअरिंगचा संशोधक. फार नम्र होता. "मॅडम, तुमचा प्रबंध आम्हाला फार उपयोगी पडला. आम्ही सहा गावांत मोहासाठी मायक्रोवेव्ह ड्रायर बसवतोय. तुमच्या आलेखावरून डिझाइन केलंय."

 तिनं त्याला सगळं सांगितलं, आग, आई, नवा आलेख. अर्धा तास बोलली. तो मधे मधे "हो मॅडम" म्हणत होता. शेवटी त्यानं विचारलं, "याचा तुमचा पेपर आहे का? मला संदर्भ द्यावा लागेल."

"छापलेला नाही. मी कागद पाठवते."

"पाठवा मॅडम. पण रिपोर्टमध्ये छापील संदर्भच चालतो. प्रोजेक्ट मंजूर झालाय, आता बदल करायचा तर पुन्हा समितीपुढे जावं लागेल. मी सरांना सांगून बघतो."

तिनं त्याच दिवशी दोन्ही आलेख पाठवले. खाली लिहिलं, थर दोन बोटांपेक्षा जाड ठेवू नका, गरम माल गोणीत भरू नका, गुळाचा वास आला की पेटी बंद करा. त्याच्या सरांना पाठवलं, त्यांच्या संस्थेच्या प्रमुखांना पाठवलं. मुलाचं उत्तर आलं, धन्यवाद मॅडम, चर्चा करतो. बाकीच्यांचं आलं नाही. पुढचे फोन तो उचलेना. सात-आठ महिन्यांनी मीच तिला दाखवलं. त्यांचा अहवाल संकेतस्थळावर आला होता. संदर्भांच्या यादीत पहिलं नाव गावीत. आत तिचा आलेख जसाच्या तसा होता, त्याखाली आभार मानले होते.

 मी म्हटलं, "पोरी, तू सांगितलंस ना. तुझं काम झालं."

"कुठे झालं, आप्पा?" ती म्हणाली. "सहा गावं आहेत. त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. नावं असती तर मी बसनं गेले असते."

त्या वर्षी विद्यार्थी कमी झाले म्हणून फिजिक्सच्या तासिका कापल्या गेल्या. तिच्या जागी कुणालाच घेतलं नाही. क्लायस्ट्रॉनची नळी केव्हाच जळाली होती. ती आता बनत नाही म्हणतात. प्रिस्किला सागपाड्याला राहते आणि खांडबाऱ्याच्या एका खाजगी शिकवणीत नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवते. मी मार्चअखेर निवृत्त झालो, आणि एप्रिलात एकदा तिच्याकडे जाऊन आलो.

हिरीबाई ओट्यावर होती. मला पाहून तिनं वळलेला हात कपाळाकडे नेला. पाड्यातल्या बायका फुलं वेचायला गेल्या होत्या, घरं रिकामी होती. प्रिस्किलानं चहा केला, आईचा कप स्वतः धरून तिला थोडा थोडा पाजला, मग स्वतः थंड झालेला प्यायली. मी विचारलं, त्या सहा गावांचं काही कळलं का.

"नाही," ती म्हणाली. "मी पेपरात बघते. आदिवासी गावात आग लागली तर पेपरात येईलच असं नाही."

हिरीबाईनं मावचीत काहीतरी विचारलं. मी अर्थ विचारला, तर प्रिस्किला म्हणाली, आई विचारतेय, आप्पांनी जेवण केलं का. मी हो म्हटलं. पाच वाजताची बस होती. ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली नाही. आईला परसाकडे न्यायची वेळ झाली होती.